हिरवा रंग वगळण्याविषयी

२५ जानेवारी १९९८, डोंबिवली
सून शुभा (यापुढे शु.) हिची वागळे इस्टेटमधली नोकरी पुढच्या महिनाअखेर संपते; कंपनीच बंद होत आहे. हाती येईल त्या रकमेतून लग्नांच्या व्हिडिओंचे संकलन करण्याचा व्यवसाय उभारावयाचा. संगणक आहे. त्यावर स्पेशल इफेक्ट्सचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न. एकदाच घेता येईल. चुकले तर दुसऱ्यांदा घेण्याइतके उरणार नाही. म्हणाली, "अप्पा, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंत, आता तुम्हीच तोलून सांगा." चिरंजीव जहाजावर; म्हणून काम माझ्याकडे. विषयाचे ज्ञान शून्य. तुलना करण्यास ते फारसे लागत नाही, असे माझे मत.

२८ जाने.
कल्याणला पाटकर नावाच्या विक्रेत्याकडे. तीन पाहिली. नावे लक्षात ठेवण्याजोगी नाहीत. क, ख, ग म्हणू.
क स्वस्त. नावांची अक्षरे, पान उलटणे, नवरानवरी बदामाच्या आकारात.
ख मधले. माणसामागचा हिरवा पडदा पुसून तेथे दुसरे दृश्य बसवते. पडदा हिरवाच हवा, दुसरा रंग चालत नाही.
ग फार महाग. कोणताही रंग पुसते, शिवाय हाताने कड आखून हवा तो भाग राखता येतो. त्यासाठी संगणकही नवा लागेल, म्हणजे कर्ज.
पाटकर: "सर, मधलं घ्या. नवरानवरी डायरेक्ट काश्मीरमध्ये! पब्लिक एकदम खूश." हिरवाच का, असे विचारले. "माणसाच्या अंगात हिरवा नसतो ना, सर."
युक्तिवाद निर्दोष वाटला. ख महिनाभर वापरून पाहण्यास दिले आहे.

३१ जाने.
पहिले गिऱ्हाईक. हिराबाई, कळव्याच्या, शु. त्यांच्याकडून मासळी घेते. मुलीचे लग्न आठवड्यावर. नवऱ्याची होडी गेल्या वर्षी मोडीत निघाली, खाडीत मासळी उरली नाही. तेव्हापासून तो घरात कोणाशी धड बोलत नाही. होडीचे जुने चित्रण एका कॅसेटवर आहे.
"वयनी, पोर त्याच होरीवर ल्हानाची मोठी झाली. लग्नाचे कॅशेटीत तिचे मागं ती होरी दाखव. बापूस हसंल तरी."
मी म्हटले, ख पुरेसे आहे.

८ फेब्रु.
लग्न लागले. मांडवाशेजारी हिरवे कापड ताणून जोडप्यास उभे केले. एक करवली: "अगो, फोटू कारतान का नाटक हाय?" नवरी हसू लागली, शु.ला ते चित्रण पुन्हा घ्यावे लागले.

११ फेब्रु.
जोड बसली. होडी स्पष्ट, पाणी हलते आहे. हिराबाई पाहण्यास आल्या. पाहता पाहता उठून टीव्हीजवळ गेल्या.
"वयनी, माजे पोरीचा चुरा कुठं गेला?"
खरेच चुडा नव्हता. हिरव्या बांगड्या पडद्याच्याच रंगाच्या. ख ने त्याही पुसल्या. कोपरापासून थोडे अंतर हात, मग खाडीचे पाणी, मग मेंदी लावलेले पंजे.
"लगीन लावलंय का हात तोरलंय पोरीचं? हे बापसाला दाखवू?" टीव्ही त्यांनीच बंद केला. चहा घेतला नाही.

१२ फेब्रु.
दोष सापडला. अंगात हिरवा नसतो, अंगावर असतो. शुद्ध अतिव्याप्ती. वर्गात शिंगे असलेल्या प्राण्यास गाय म्हणण्याचे उदाहरण देत असे. हे अधिक चांगले आहे.
निळे कापड? ख ला चालत नाही. शिवाय नवरदेवाचा कोट निळा.

१४ फेब्रु.
लेखी निष्कर्ष शु.ला दिला: एका अपवादावरून साधन बाद करू नये. ख घ्यावे, होडी सोडून द्यावी.
तिने उभ्या उभ्या वाचला. "अप्पा, आपल्याकडे हिरवा चुडा न भरणारी नवरी दाखवा मला. यात अपवाद कोण आणि नियम कोण?"
कागद परत मागून घेतला.

२८ फेब्रु.
शु.ची नोकरी आज संपली. ख पाटकरला परत.
उरले क आणि ग. क घेतल्यास कर्ज नाही, होडीही नाही. बहुतेकांना बदाम पुरेल. ग घेतल्यास चुड्याची कड हाताने आखून होडी होईल, पण लग्नांचा हंगाम साधला नाही तर हप्ते कोण—

चिरंजीवांचा फोन आला होता. "शुभा ठरवेल ते." यास मत म्हणता येत नाही.

२ मार्च
शु. दुपारी कल्याणला गेली. काय घेणार, असे विचारले. "दुकानात पाय ठेवल्यावर कळेल, अप्पा." चप्पल घालताना ती दोनदा थांबली. मी काही सुचवले नाही. माझ्या सूचनांची प्रत तूर्त घसरलेली आहे.
सायंकाळी हिराबाई आल्या. या वेळी मागे नवराही. तो दाराबाहेरच राहिला. या म्हटले तरी आत येईना.
"मास्तर, वयनी नाय?"
नाही म्हणालो.
"यांना मीच सांगितलं, कॅशेटीत होरी येनार म्हनून. पहिली खराब झाली ते नाय सांगितलं." हे त्या हळू आवाजात.
तेवढ्यात तोच उंबऱ्याशी आला. "होरीची नाळ दिसंल का, मास्तर? फुरची, टोकाची बाजू. तिचेवर डोलं रंगवलंले मी."
"दिसेल," मी म्हणालो.
विधानास कोणताही आधार नव्हता. आधार विचारतील म्हणून क्षणभर थांबलो. दोघांनीही विचारला नाही. मान हलवून गेले.
शु. अद्याप परतलेली नाही.