पहिलं नाव तुमचं

नाना, गुडघा कसा आहे आता? धुळ्याच्या कॉलेजचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून खिडकीबाहेर काही बघतोय असं दाखवायचात, ते सगळ्यांना कळायचं बरं का. अक्कांचा दमा? थंडीत मी ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून त्यांच्या छातीला लावायची, तशी तिकडे कोणी लावून देतं का? तुमच्या मागोमाग वर्षाच्या आत त्याही निघाल्या, म्हणजे आता दोघं नवरा-बायको एका जागी असाल आणि त्यांचा पाटा त्यांना परत मिळाला असेल. इकडचं म्हणाल तर माझी साखर वरखाली होते, मोतीबिंदूचं काम झालं, मुलगा-सून बरे आहेत, नातीला दोन दात आलेत आणि ती दिसेल त्याला चावते. भाचीची तब्येत तेवढी बरी नाही. ताप नाही, खोकला नाही, पण ताटातली भाकरी तशीच ठेवून उठते. त्याचंच सांगायला बसले आहे. सांगायला तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि तुम्हाला सांगायचीच लाज वाटते, अशी गत आहे.

पाट्यावरून आठवलं. मी तुमच्या वनस्पतींच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले तेव्हा सातवी पास होते. काचा धुवायच्या, टेबलं पुसायची, एवढंच काम. सातपुड्याच्या पायथ्याहून तुम्ही आणलेला पाला वर्तमानपत्रात घालून दाबायला कॉलेजात जागा नव्हती, म्हणून तुमच्या स्वयंपाकघरात तो थर रचलेला असायचा आणि वर अक्कांचा दगडी पाटा. पावसाळ्यात कागद सुकत नाहीत, तर चुलीशेजारी उभे करून ठेवलेले. अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता थापता म्हणतात, “आज चटणी नही. पाटा तुमना पालावर पडेल शे.” तुम्ही मान खाली घालून कोरडी भाकरी खाता आणि मला डोळ्यानं खुणावता, हसू नको. त्या घरात मी पानं कागदावर चिकटवायला शिकले, आणि चिठ्ठ्या लिहिता लिहिता ती परक्या भाषेतली लांबलचक नावंही. शाळेनं जे दिलं नाही ते मला त्या चुलीपाशी मिळालं.

आणि बोलणीही तिथंच खाल्ली. एका पानाच्या चिठ्ठीवर गावाचं नाव राहिलं होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी अंदाजानं लिहून टाकलं. तुम्ही चष्मा काढला. तुम्ही रागावलात की चष्मा काढायचात. “हे तुला कोणी सांगितलं?” मी म्हटलं, त्या बाजूचंच असेल ना नाना. “‘माहीत नाही’ असं लिहायला शाई कमी पडली होती का?” संध्याकाळी अक्कांनी माझ्या हातावर शेव-मुरमुरे ठेवले आणि हळूच म्हणाल्या, “त्यासले नको सांगू.” तुम्ही शेजारच्या खोलीतून ओरडलात, “मला ऐकू येतंय.”

चोपड्याच्या पुढं डोंगराला लागून असलेल्या गावात ती म्हातारी भेटली, तो दिवस मी कधी विसरले नाही. एक वेल दाखवला तिनं, त्याच्या पानांची भाजी करतात म्हणाली. वेलाला फूल नव्हतं. तुम्ही पान चुरगळून नाकाशी नेलंत, एकदम हसलात आणि वहीत नाव लिहिलंत. म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, “पालानं नाव लिखं भाऊ, आन् मन्हं?” तुमचा हात तिथंच थांबला. मग तुम्ही तिचं नाव विचारलंत, तिच्या आईचं विचारलंत, आणि त्या दिवसापासून प्रत्येक पानाच्या खाली सांगणाऱ्या बाईचं नाव येऊ लागलं. तुम्ही का हसलात ते मी विचारलं नाही. जीप सुटेल याची घाई होती. विचारायला काय जातंय, पुढं कधीतरी विचारू, असं वाटलं.

मग तुमचा लेख लिहून झाला आणि विभागप्रमुख प्रयोगशाळेत आले. मी काचा धूत होते, पण कान तिकडेच. म्हणाले, “आमचं नाव घालायला विसरलात वाटतं?” तुम्ही विचारलंत, “साहेब, तुम्ही डोंगरात कधी आला होतात?” “अहो, विभाग माझा आहे!” “मग घरात लग्न निघालं की पत्रिकेत घालतो, ‘आपले नम्र’मध्ये. सगळ्यात वर.” काच माझ्या हातातून निसटता निसटता राहिली. त्यानंतर त्यांनी तुमच्या बढतीचा कागद कसा कुजवला, तेही मी पाहिलं. त्याच लेखावर तुम्ही माझं नाव दुसरं घातलंत. मी म्हटलं, नाना, माझं कशाला, मी नुसता पाला उचलला. तुम्ही म्हणालात, “पोरी, लेखावर नाव म्हणजे मान नाही. उद्या कोणी विचारलं की उभं राहून उत्तर द्यायचं, त्याचं नाव. तुला विचारलं तर देशील?” देईन म्हटलं. “साहेब देतील?” मी हसले. “मग झालं तर.” अंक आला तेव्हा माझ्या आईनं ते पान देवापुढं ठेवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. नावावर बोट फिरवत बसली.

तुम्ही गेलात तेव्हा वह्यांची पेटी अक्कांनी मला दिली. मी ती जळगावला आणली, दर वर्षी ऊन दाखवलं, कडुनिंबाचा पाला घातला. भाची इथल्या कॉलेजात तुमचाच विषय शिकवते. तिनं वह्या वाचल्या, गावोगाव जाऊन त्या बायांच्या लेकीसुनांना भेटली, कोणती भाजी अजून ताटात आहे आणि कोणती गेली ते लिहून आणलं. दोन वर्षं राबली पोरगी. लेख झाला तेव्हा विचारते, “आत्या, नावं कशी घालू?” मी म्हटलं, पहिलं नाव नानांचं. आपल्याकडे नवं धान्य आलं की पहिला घास देवाला, तशीच माझी समजूत. तीही लगेच हो म्हणाली. खरं तर देवाला घास दिला म्हणून त्यानं जेवल्याची सही करायची नसते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

आता लेख पोस्टानं जात नाहीत, नाना. कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचा. त्यात प्रत्येक लेखकाचा ईमेलचा पत्ता लागतो. तुमचा कुठला असणार? भाचीनं तुमच्या नावानं एक उघडला. मग त्या पत्त्यावर लेख छापणाऱ्या मासिकाकडून विचारणा आली, हा लेख आपण वाचला का, आपल्याला मान्य आहे का. भाचीचा हात थांबला. “आत्या, हे बरोबर नाही गं.” मी म्हटलं, अगं, वह्या त्यांच्याच ना? ते असते तर हो नसते का म्हणाले? आणि तिच्या खांद्यावरून हात पुढं करून ‘मान्य’वर मीच बोट दाबलं. लेख छापून आला. आम्ही पेढे वाटले.

चार महिन्यांनी तुमच्या नावावर पत्र आलं. संपादकांनी मोठ्या आदरानं लिहिलं होतं. एका वाचकाची शंका आहे, त्या डोंगरातल्या वेलाच्या नमुन्याला फूल नाही, अगदी तशाच पानाचा दुसराही वेल त्या भागात आहे, तर पहिल्या लेखकांनी तो कशावरून ओळखला ते कृपया कळवावं. सकाळची वेळ, मी मेथी निवडत होते. भाचीनं वाचून दाखवलं आणि म्हणाली, “वासावरून ओळखला, असं लिहून टाकू? तूच सांगितलंस ना, त्यांनी वास घेतला.” माझ्या तोंडात ‘लिही’ आलं होतं, नाना, अगदी ओठांवर. ती लिहू लागली, ‘माझ्या स्मरणाप्रमाणे मी’. तुमच्या नावानं ‘मी’! मला समोर तुम्ही चष्मा काढताना दिसलात. तुमच्या वतीनं हो म्हणून झालं होतं, आता तुमच्या तोंडात शब्द घालायचे, आणि उद्या तो वेल दुसराच निघाला तर? भाजी म्हणून कोणी ते पान खाल्लं तर? मी म्हटलं, थांब. खोड ते. मी सांगते ते लिही.

मी सांगितलं तसं तिनं लिहिलं. पहिले लेखक हयात नाहीत. लेख होण्याच्या कितीतरी आधी गेले. त्यांच्या नावानं मान्यता आम्ही दिली. वेल कशावरून ओळखला ते आम्हाला माहीत नाही. शाई कमी पडली नाही, नाना. पण पोरीच्या डोळ्यांतलं पाणी टपटप त्या कळफलकावर पडत होतं.

उत्तर आलं. ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच लिहिलं, की गेलेल्या माणसाचं नाव घालायला बंदी नव्हती. कै. लिहून, त्यांचं काम कोणतं ते सांगून, घरच्यांना विचारून घातलं असतं तर नाव पहिलंच राहिलं असतं. खोटी मान्यता मात्र चालत नाही. लेख मागे घेतला. पण मागे घेतलेला लेख फाडून फेकत नाहीत. तो सगळ्या जगाला दिसत राहतो, प्रत्येक पानावर आडवा लाल शिक्का मारलेला. त्या शिक्क्याखाली सगळ्यात वर तुमचं नाव आहे. विभागप्रमुखाचं नाव घातलं नाही म्हणून ज्यानं बढती गमावली, त्याचं. तुमचं नाव कॉम्प्युटरवर शोधलं तर आता तेच पान आधी येतं. आणि त्याच पानांत त्या म्हातारीचंही नाव आहे. भाचीला कॉलेजनं लेखी जाब विचारला. तिनं सगळं स्वतःवर घेतलं. माझ्या बोटाबद्दल एक अक्षर नाही.

ती म्हणते, नानांचं ते ईमेलचं खातं बंद करून टाकू. मी करू देत नाही. हे पत्रही तिथंच पाठवायचं मनात होतं, पण पाठवलं तर उघडणारी मीच. म्हणून हातानं लिहिलंय, आणि वहीत त्या वेलाच्या पानाशी ठेवून देते आहे. भाचीला मी जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. फॉर्म भरताना तिनं मला विचारलं होतं, “आत्या, नावाआधी कै. लिहू ना?” मी म्हटलं, उगाच कशाला. मला नियम ठाऊक नव्हता हे खरं, पण तेवढंच खरं नाही. तुमच्या नावाआधी ते अक्षर मला बघवत नव्हतं.

नाना, त्या वेलाचं पान चुरगळून तुम्ही का हसलात? जमेल तेवढं लवकर कळवा. वाट बघते आहे.