कच्ची वही

प्रिय धाकट्या,

गेली सात वर्षे तुला काही लिहायचे तर 'माननीय प्रशासक' असा मायना घालावा लागतो. हे पत्र दप्तराला लागायचे नाही, म्हणून 'प्रिय'. आणि 'धाकट्या' अशासाठी, की तुला या नावाने हाक मारणारे माणूस आता मी एकटीच उरले आहे.

परवा दुपारी तुझा ड्रायव्हर तो कागद घेऊन आला. दारातच उभा राहिला. "साहेब म्हणाले, फक्त एक सही. मी थांबतो," म्हणाला. मी त्याला सांगितले, थांबू नकोस, मला वाचायला वेळ लागतो. एका पानाला किती वेळ, हे त्याच्या तोंडावर आले होते. पण तुझ्याकडे राहून माणसे तोंडावर आलेले गिळायला शिकली आहेत, तोही शिकला आहे. तो गेल्यावर मी कागद वाचला. महापुराच्या वेळी नगरसभेने केलेला ठराव पक्क्या वहीत लिहिला आहे तसाच्या तसा मंजूर झाला होता, असे मी तेव्हाची चिटणीस या नात्याने प्रमाणित करते. खाली रेघ, आणि रेघेच्या कडेला पेन्सिलीची फुली. एकतीस वर्षे मी साऱ्या गावाला 'इथे सही करा' म्हणून बोट दाखवले. आता मला फुली काढून दाखवतात.

कशासाठी हवी आहे तेही मला ठाऊक आहे. तुझे पद कायमचे करण्याचा प्रस्ताव प्रांत कचेरीत सोमवारी निघायचा आहे. तिथल्या कुणा तरुण कारकुनाने जुनी कागदपत्रे चाळली आणि शंका काढली, की ज्या ठरावावर सात वर्षांचा कारभार उभा आहे तो पुढच्या सभेत वाचून कायम केल्याची नोंदच नाही. हुशार पोरगा दिसतो. म्हणजे सगळे घोडे माझ्या सहीपाशी अडले आहे. कागद तीन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभ्याने जेवते आहे.

तुला बाबांची नाव आठवते का? तू लहान होतास, पण इतकाही नाही. एरवी बाबा म्हणजे कोण, तर नावाडी. सरपंचाच्या दारात जोडे हातात घेऊन उभे राहणारे. पण पाणी घाटावरच्या खुणेच्या दगडाला लागले की सगळे उलटे व्हायचे. कुणी आधी नावेत बसायचे, कुणी गाठोडे टाकून द्यायचे, कुणाची गाय सोडायची, सगळे बाबा सांगणार आणि सरपंचसुद्धा ऐकणार. एकदा सरपंचाच्या बायकोने ट्रंक उचलली तर बाबा म्हणाले, "वहिनी, ट्रंक किंवा तुम्ही." सगळे हसले, तीही हसली, ट्रंक राहिली. आणि पाणी दगडाच्या खाली उतरले की त्याच दिवशी बाबा नाव काठावर ओढायचे आणि सगळ्यांच्या देखत उपडी घालायचे. मी एकदा विचारले, वाळवायचीच आहे तर आडोशाला का नाही वाळवत. म्हणाले, "लोकांना दिसायला हवं ना, की आता माझं ऐकायची गरज नाही. आणि मलाही दिसायला हवं." दुसऱ्या दिवशी सरपंच त्यांच्यावर खेकसायला मोकळा असे, आणि खेकसतही असे.

मी कॉलेजात राज्यशास्त्र घेतले तेव्हा आमच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितले होते, की संकटात अधिकार कोणाला दिले ते पाहू नका, परत कसे घेणार ते लिहून ठेवले आहे का, ते पाहा. मला वाटले, हे तर बाबांचेच आहे. त्या पेपरात मी पहिली आले होते. आज ते आठवले की हसू येते. बरे हसू नव्हे.

महापुराच्या वेळी एकच नदी तीन गावांवरून गेली आणि तिन्ही गावे तीन तऱ्हांनी वागली. खालच्या बंदरात राजधानीहून अधिकारी आला. संचारबंदी लावली, गोदामांना कुलपे घातली, गावकऱ्यांना काही विचारले नाही, आणि चार महिन्यांनी बदली झाली तसा पेटी घेऊन निघून गेला. वरच्या डोंगरगावात गल्लीगणिक समिती. धान्य आधी कुठल्या गल्लीत उतरवायचे यावर दोन दिवस वाद चालला होता. तिथली माणसे आजही म्हणतात, आम्ही पाण्यात नाही, समितीत बुडालो. हसत म्हणतात, पण त्या दोन दिवसांत तिथे माणसे गेली, ते मी विसरत नाही. तरी थंडी पडेपर्यंत शाळेच्या पटांगणात त्यांचे मतदान झाले आणि जुनी सभा नव्या तोंडाने भांडायला बसली. आणि आपण. आपण तुला निवडले. सर्वांत कमी माणसे आपल्या गावात गेली. हे मी कुणालाही, कुठेही सांगेन, तुझ्यावर कितीही राग असला तरी. पहिले तीन आठवडे तू जे केलेस ते बाबांना बघायला मिळायला हवे होते. पंप हलवलेस, दवाखाना पहिल्या मजल्यावर नेलास, दोन रात्री जिन्यावर बसून झोपलास. त्यामुळेच तर माझे सगळे अवघड झाले. तू वाईट असतास तर मी केव्हाच सुटले असते.

मग पुराचा गाळ निघाला, तर ताप आला. ताप गेला, तर बांध दुरुस्त व्हायचा होता. बांध झाला, तर पुढच्या वर्षी पूर येईल अशी शक्यता होती. पुढच्या वर्षी पूर आला नाही, पाऊसच आला नाही, तर पाणीटंचाई. पाणी आले तेही संकट, नाही आले तेही संकट. तापात गर्दी नको म्हणून तू बुधवारची खुली बैठक बंद केलीस, जिथे कुणीही येऊन काहीही विचारू शकत असे. ती पुन्हा कधी उघडलीच नाही. दालनाबाहेरचे बाक काढलेस, तिथे काचेची भिंत आली. सभागृहाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ राहिली होती, तिच्यावरून रंग दिलास. मागे जेवायला आला होतास तेव्हा मी निवडणुकीचा विषय काढला, तर तू भाताकडे बघत म्हणालास, "लोकांचं असंच असतं ताई, गरज सरो, वैद्य मरो." मी तेव्हा तुला आणखी भात वाढला. आता उत्तर देते. आपल्याकडे वैद्यच गरज सरू देत नाही.

भट्टीवालीचे मात्र तुला माझ्याकडून ऐकावेच लागेल. तू तिला 'ती बेकरीवाली बाई' म्हणतोस. ती माझ्या कॉलेजातल्या बाकावरची मैत्रीण. वडील गेल्यावर शिक्षण सोडून भट्टीवर उभी राहिली आणि तरीही माझ्यापेक्षा जास्त वाचलेली. महापुरात शाळेच्या वरच्या मजल्यावर सभा भरली तेव्हा खाली पाणी, वर अकरा सभासद, त्यांत तूही आणि तीही, मी बाकावर वही घेऊन. तुला सगळे अधिकार द्यायला कुणाचीच ना नव्हती. तीच एकटी उठली. म्हणाली, "द्या, पण नव्वद दिवस. जास्त लागले तर पोरानं परत यावं, मागावं. आपण काय पळून जातोय?" लोक हसले, आणि एकमताने नव्वद दिवस मंजूर झाले. तूही हात वर केला होतास.

दोन वर्षांनी तिने अर्ज दिला, की मुदत संपली, निवडणूक घ्या. तू तिला पक्की वही दाखवलीस. तिथे नव्वद दिवस नव्हते. 'संकट संपेपर्यंत' असे होते, माझ्या अक्षरात, काळ्या शाईत. ती तडक माझ्या घरी आली. हात पिठाने भरलेले, धुवायचेही राहिले होते. दारातूनच विचारले, "तू लिहिलं होतंस ना गं नव्वद दिवस?" मी तिला बस म्हटले नाही. मी म्हटले, "मला आठवत नाही." ती म्हणाली, "तुला? तुला तर मी कॉलेजात कुठल्या दिवशी कुठली साडी नेसले होते ते आठवतं." आणि गेली. दाराच्या कडीवर पिठाची बोटे राहिली, ती मी लगेच पुसली. पुढच्या महिन्यात तुझ्या माणसांनी आगीच्या नियमांखाली तिची भट्टी बंद केली. चाळीस वर्षे त्या भट्टीतून ठिणगी बाहेर पडली नव्हती. ती बंदरगावी मुलीकडे गेली. मी तिला निरोप द्यायला गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

तो बदल कसा झाला हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे, आणि सात वर्षांत आपण त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या बाकापाशी आलास, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल. म्हणालास, "ताई, नव्वद दिवसांत नुसता गाळ तरी निघेल का? 'संकट संपेपर्यंत' असं घाल. पुढच्या सभेत वाचशीलच की, कुणाला नको असेल तो बोलेल." मी घातले. तुझी दया आली म्हणून, आणि खरे सांगायचे तर अभिमान वाटला म्हणून. नावाड्याच्या पोरासमोर गाव हात जोडून उभे होते आणि मी त्या पोराची बहीण होते. मनाशी म्हटले, नियम आहेच, ठराव पुढच्या सभेत मोठ्याने वाचल्याशिवाय पक्का होत नाही. भट्टीवाली ऐकेल, ओरडेल, मी खोडेन. एकतीस वर्षे ज्या नियमावर जगले त्याच्याच भरवशावर मी नियम मोडला. पुढची सभा तू कधी बोलावलीच नाहीस. आणि संकट संपले की नाही हे कोण ठरवणार, ते मी लिहिले नव्हते. सरांनी मला नापास केले असते.

आता हे पत्र का, ते. तू दोनदा विचारलेस, कच्च्या वहीचे काय झाले. दोन्ही वेळा मी सांगितले, पुरात गेली. धाकट्या, ती गेली नाही. सभा चालू असताना पेन्सिलीने लिहायची ती कच्ची वही, आणि पक्की वही सभेत वाचून झाल्याशिवाय कच्ची फाडायची नाही, असा आपल्या दप्तराचा नियम. पक्की वाचली गेली नाही, म्हणून मी कच्ची फाडली नाही. ती सात वर्षे माझ्या कपाटात, चादरींच्या खाली आहे. तिच्यात नव्वद दिवस आहेत, भट्टीवालीचे नाव आहे, आणि वर केलेल्या हातांत तुझा हात मोजलेला आहे. काल सकाळी मी बसने बंदरगावी गेले. तिने दार उघडले, बस म्हटले नाही. ते बरोबरच होते. मी उभ्यानेच वही तिच्या हातात दिली आणि पक्क्या वहीतला बदल मी केला, असे लिहून सही केलेला कागदही दिला. ही सही करायला मला फुली लागली नाही. माझे पेन्शन जाईल, कदाचित आणखीही काही होईल. त्याची तू काळजी करू नकोस, तुझ्या नावाचा त्यात उल्लेख नाही, तेवढा अजून जमला नाही. तिने पाने उलटली आणि म्हणाली, "आठवलं का शेवटी?" सोमवारी अकरा वाजता ती दोन्ही घेऊन प्रांत कचेरीत त्या तरुण कारकुनासमोर उभी राहणार आहे. मी तिच्याकडे तुझ्यासाठी एकच गोष्ट मागितली, तिने ती फार कष्टाने दिली. सोमवारी दहापर्यंत निवडणुकीची तारीख तुझ्या कचेरीच्या दारावर तुझ्या सहीने लागली, तर ती वही उघडणार नाही. आज शुक्रवार आहे. पाणी दगडाच्या खाली जाऊन सात वर्षे झाली. बाबांसारखी नाव लोकांच्या देखत, स्वतःच्या हाताने उपडी घाल. नाही घातलीस तर आम्ही दोघी म्हाताऱ्या ती ओढायला येतो आहोत.

तुझा कागद बिनसहीचाच परत पाठवते आहे. फुली खोडली आहे.

तुझीच, कारण एवढे एकच नाते खोडता येत नाही,
ताई