तळघरातील अंधारी खोली राहू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
प्रथिन संशोधन विभाग, ओउलू

विषय : तळघरातील अंधारी खोली बंद न करण्याबाबत.
संदर्भ : सदर खोलीत सायकली ठेवण्याविषयीची आपली सूचना.

महोदया,

१. "कोपर आवर, तुलिक्की, माझी बरगडी मोडशील!" अशी कुरकुर त्या खोलीतून ऐकू येते, असे आपण सूचनेत नमूद केले आहे. ते खरे आहे; तुलिक्की म्हणजे मी. खोली कपाटाएवढी आहे, आणि कुरकुरणारे श्री. ओन्नी पेल्तोनिएमी माझे जुने सहकारी आहेत.

२. प्रतिपिंडे (ठराविक प्रथिनालाच चिकटणारे रेणू) चिकटलेल्या नमुन्याच्या पातळ पटलावर द्रावण ओतले, की प्रथिन असेल तिथून मंद उजेड निघतो. तो विझण्याआधी अंधारातच त्यावर फिल्म दाबावी लागते. हे ओन्नी नुसत्या हाताने करतात. फिल्मचा उजवा कोपरा दुमडून ठेवतात, म्हणजे ती उलटी धरली जात नाही. ती धुऊन झाली की बाहेर उजेडात तिच्यावर उमटलेल्या पट्ट्या मी वाचते. नवा कॅमेरा हे सगळे एकटाच करतो, आणि फिकट-गडदचा हिशेब फिल्मपेक्षा चोख ठेवतो, हे मला मान्य आहे.

३. तरीही खोली राहावी. कॅमेऱ्याची खोली गारठलेली असते. पंखा घरघरतो. वीज गेल्यास कॅमेरा बंद पडेल. (फिल्म धुण्याचे यंत्रही विजेवरच चालते, असे आपल्या सहायकांनी दाखवून दिल्याने हे कारण मी मागे घेते.) शिवाय तिथे एकेकाने पाळी लावून जायचे असते. गेलेला माणूस परत येताना कुणाशी बोलत नाही.

४. ओन्नी तिथे दोनदा गेले. दोन्ही वेळा "मशीन बिघडलंय" म्हणत परतले. "बिघडलंयच ते," आमच्या प्रमुख मार्केत्ता म्हणाल्या, आणि वेलचीच्या पावाची बशी त्यांनी हळूच ओन्नींच्या हाताखाली सरकवली. मीही म्हणाले, "वैताग आहे नुसता." मशीन उत्तम चालू होते.

५. वरील मजकूर आज कॉफीच्या वेळी मी ओन्नींना वाचून दाखवला. पंख्याच्या मुद्द्यापर्यंत ते हसत होते. मग कप चाचपत म्हणाले, "ठेवू देत गं सायकली. तू लिही, ओन्नीला आता दिसत नाही. वर्ष झालं. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि एकानंही मला विचारलं नाही."

तसे लिहिले आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
तुलिक्की राउतावुओरी
दि. १४ नोव्हेंबर