सडा विकायचा नाही

आई, काल शुक्रवारी आम्ही इथल्या डोंगरावर गेलो होतो. डोंगर आपला म्हणायचा. बहारीनमधली सगळ्यांत उंच जागा, पण धाप लागायच्या आत माथा येतो. भोवती पिवळट खडक आणि तेलाच्या नळ्या. तुझी नात म्हणाली, "मम्मा, इज दॅट इट?" मला गावच्या डोंगरमाथ्यावरचा आपला सडा आठवला आणि उगाच तिचा राग आला.

सड्यावरही झाड नाही, सावली नाही, नुसता काळा कातळ. वैशाखात तू मला तिथे शेणी गोळा करायला न्यायचीस. एकदा मी टिटवीच्या अंड्यांपाशी गेले. घरटं कसलं, चार खडे आणि खड्यांच्याच रंगाची अंडी. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालते आहे आणि तू शेणींची पाटी, हारा, खाली टाकून खेकसतेस, "मागं हो गो! तिचा जीव खालीवर होतोय, दिसत नाय?" मग गुरांचा पाय पडू नये म्हणून तू भोवती दगड मांडलेस. पावसात त्याच कातळावर बोटभर उंचीची जांभळी फुलं पसरायची. कातळात कोरलेला तो मोठा मासा पांडवांनी केला, असं तू हात जोडून सांगायचीस आणि जागा सपाट म्हणून त्याच्याच पोटावर आमसुलं वाळत घालायचीस. आता शिकलेली माणसं लांबून तो मासा बघायला येतात.

काल घरी परतलो तोच गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. चिरेखाणीसाठी सड्याला गिऱ्हाईक आलंय. "ताई, तू फक्त हो म्हण. तिथं पिकतंय काय?" त्याचं काही चुकत नाही. गावात राहून तो सगळं निस्तरतो, मी इथे झिंज भागातल्या फ्लॅटमध्ये एसी लावून बसते. तरी मी म्हटलं, "आईला आवडलं नसतं." तुझं नाव निघालं की तो पुढे बोलत नाही. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणून कळवतो म्हणाला.

पण सड्यावरून उतरून पडवीत टेकताना तू दर वेळी गुडघे चोळत म्हणायचीस, "इकून टाका यकदाचा हा कातळ!" त्याने तुझे पाय खाल्ले. तो तुला कधीच आवडला नाही, हे धाकट्याला माहीत नाही, तो तेव्हा पाळण्यात होता आणि पुढे तुझं सड्यावर जाणंच सुटलं. सडा मला हवा आहे, आई. तसं सांगायची छाती झाली नाही, म्हणून तुला पुढे केलं.