आत्याचं तोंड

३ सप्टेंबर

शुद्धलेखनाची आधीच माफी मागते. आठवीत शाळा सुटली, मग ऱ्हस्व-दीर्घ कुणी विचारलंच नाही. आणि टाइप एका बोटाने करते, म्हणजे सगळं गोगलगाईसारखं येणार. पण माफी मागतेय कुणाची? हे वाचणारं कुणी नाही! बरंच आहे.

तर — आज आत्याकडे पोचले. गाडीरस्ता संपतो तिथून पुढे खेचरवाल्याबरोबर चालत. सामान खेचरावर, मी पायांवर. तो अख्खी वाट बोलत होता, मी "हं" म्हणत होते. वर आल्यावर आत्याला म्हणतो, "बाई, तुम्हाला बोलायची बंदी म्हणून माणूस मागवलंत, आणि ही तर तुमच्याहून गप्प!"

आत्या हसली. आवाज न करता. मला कसंतरीच झालं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचं बोलणं खालच्या वळणापर्यंत ऐकू यायचं म्हणे. आता घशाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी बजावलंय — ते पुन्हा तपासतील तोवर एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. आणि तिचं काम काय? तर बोलायचं! हे जंगलातलं घर लाकूडतोड्यांनी बांधलेलं, फार जुनं. जंगल खातं ते पाहुण्यांना राहायला देतं. आत्या ते सांभाळते, पाहुण्यांना दाखवते, काय करायचं काय नाही ते सांगते. आता तिच्या जागी मी सांगायचं.

मी! दुकानात साबण मागायला लागू नये म्हणून राखेने हात धुतलेत मी.

बाबा म्हणाले, "तेवढीच चार माणसांत वावरेल."

४ सप्टेंबर

थंडी! नाक माझं आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं.

६ सप्टेंबर

घर एवढंसं आहे. एक खोली, वर माळा. भिंती म्हणजे अख्खे ओंडके, एकावर एक, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले. खिळा कुठेच नाही! ओंडक्यांच्या फटीत शेवाळ ठासलेलं. वारा सुटला की आत्या भिंतीवर तळहात फिरवत जाते, गार लागेल तिथे चमच्याच्या दांड्याने नवं शेवाळ कोंबते. आज मलाही बसवलं कामाला. माझी फट तिने पुन्हा सगळी उकरून काढली. वर माझ्याच पाठीवर थाप, शाबास म्हणून!

दार इतकं बुटकं की वाकूनच आत यायचं. मी दोनदा डोकं आपटलं. दोन्ही वेळा आत्याने दाराला चापट मारली, बाळ पडल्यावर जमिनीला मारतात तशी. सोळा वर्षांची आहे मी!!

आमची भाषा ठरली आहे. पळी ताटावर एकदा वाजली — ये. दोनदा — आहेस तशी ये. वाजतच राहिली — दूध उतू चाललंय. बाकी सगळं हातांनी. मी म्हटलं, पाटीवर लिही ना. खेचरवाला म्हणतो, "नको गं बाई, ही लिहायला लागली तर खडू वाहून माझं खेचर मरेल."

ती मला मिठू म्हणायची लहानपणी. कधीच बोलत नव्हते म्हणून. आता म्हणताही येत नाही तर पोपटासारखी मान वाकडी करते. मी समजून घेते.

९ सप्टेंबर

लिहायची लाज वाटतेय.

काल शहरातून चौघं आले. मला एकच गोष्ट सांगायची होती — लोखंडी चूल पेटवण्याआधी धुराड्याची झडप ओढून उघडायची. वाक्य पाठ केलं होतं. आत्या झऱ्यावर पाण्याला गेलेली. ते आत आले. उंच होता तो म्हणाला, "अरे वा, तू इथेच राहतेस?" आणि मी... लाकडाच्या खोपटात जाऊन उभी राहिले. का ते माहीत नाही. पाय आपले आपण गेले.

त्यांनी चूल पेटवली. झडप बंद! सगळा धूर घरात. खोकत बाहेर पळाले, एकीचे डोळे लाल लाल. आत्या बादली टाकून धावत आली, झडप उघडली, खिडक्या उघडल्या. तिला "माफ करा"सुद्धा म्हणता येईना. हात जोडून उभी राहिली. मी खोपटातच.

आज सकाळी उतरले ते. जाताना माझ्यासमोरच म्हणाले, "निदान कुणी सांगायला तरी हवं होतं."

खरंच आहे.

११ सप्टेंबर

तक्रार झाली. खेचरवाला निरोप घेऊन आला, आज एकही विनोद नाही. जंगल खात्याचे साहेब स्वतः येणार आहेत, पुढच्या आठवड्यात. "साहेब म्हणतात, जुनं लाकडी घर, एक ठिणगी बास. पाहुण्यांना सांगणारं माणूस नसेल तर दुसरं कुणीतरी ठेवावं लागेल."

दुसरं कुणीतरी! मग आत्या कुठे जाणार? तिला हेच एक घर आहे. आत्याचे यजमान गेल्यावर बाबा म्हणाले होते आमच्याकडे ये, तर म्हणाली होती, "तुमच्या दोन खोल्यांत माझा आवाज मावायचा नाही."

मी बसून राहिले. वाटलं आता पळी डोक्यात घालेल. तिने माझ्या हातात बटाटा आणि सुरी दिली, स्वतः एक घेतला. दोघी सोलत बसलो. मला रागवायलाही आवाज नाही तिच्याकडे — त्याने जास्तच रडू आलं.

१२ सप्टेंबर

खेचरासमोर बोलून पाहिलं. "नमस्कार, या घरात तुमचं..." पुढे नाही. खेचर माझ्याकडे बघत होतं ना!

शाळेतही हेच. उभं राहून धडा वाचायचा, अख्खा वर्ग माझ्याकडे बघतोय, गळा गच्च. हसायचे त्याचं एवढं नाही. ती सगळी वाट बघत बसायची, ते सहन नाही व्हायचं. एक दिवस मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन घरी आले, परत गेलेच नाही. दादा तेव्हापासून मला म्यूट म्हणतो.

१३ सप्टेंबर

आज काहीतरी झालं!

खेचरवाल्याने विचारलं, "बाई, बटाटे किती आणू?" आत्याने हात हलवले. मी भांडी घासत होते, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिचे हात बघत म्हणाले —

"भरपूर आण. आणि मागच्यासारखे मोड आलेले आणलेस तर तुलाच उकडून घालीन खायला."

एका दमात! आत्याच्याच ठसक्यात! खेचरवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. मग इकडेतिकडे बघून म्हणतो, "बाई, कुठून बोललात?"

आत्याने मला चुलीजवळ बसवलं आणि हात हलवत सुटली. मी नुसती म्हणत गेले. "मी एवढी वर्षं इथे आहे, मला कुणी शिकवू नये... मी या भिंतीला स्वतःच्या हाताने शेवाळ भरलं..." भांडी तशीच राहिली. दूध करपलं.

मी म्हणून बोलायला गेले की गळा बंद. आत्या म्हणून बोलले की बोलता येतं. मला कुणी बघतच नाही जणू. सगळे तिचे हात बघतात.

१५ सप्टेंबर

सराव, सराव, सराव. ओंडक्यांची गोष्ट, खाचांची गोष्ट, बर्फात अडकलेल्या लाकूडतोड्यांची गोष्ट (एका खोलीत बारा जण, पाळीपाळीने झोपायचे. घोरणारा शेवटी). आणि अस्वलाची. दाराशेजारच्या ओंडक्यावर ओरखडे आहेत ना, ते अस्वलाचे. काल अस्वल आत्याच्या खांद्याएवढं होतं. आज तिने हात एवढे वर नेले की चवड्यांवर उभी राहिली! मी विचारलं, "आत्या, खरं केवढं होतं गं?" तिने हाताने दाखवलं — मला काय माहीत, मी होते का तेव्हा!

पोट दुखेपर्यंत हसले. तिला हसताना तोंडावर उशी धरावी लागली.

१७ सप्टेंबर

साहेब येऊन गेले. सगळं लिहिते, बोट दुखलं तरी.

पाऊस होता. साहेब आणि त्यांचा कारकून, दोघे चिखलाने भरलेले. साहेब मोठे नाहीत दिसायला, आमच्या दूधवाल्यासारखे आहेत. दाराला डोकं आपटलं त्यांनी. आत्याचा हात दाराला चापट मारायला निघालाच होता, मी धरला!

बूट काढले, पाय चुलीच्या कठड्याला टेकवून बसले. "बाई, सुरू करा. नेहमी पाहुण्यांना सांगता तसंच."

आत्याचे हात सुरू झाले. मी तिच्या मागे उभी, तिच्या खांद्यावरून तिच्या हातांकडेच बघत. आणि आलं! "या साहेब. हे घर मी सांभाळते. बांधणाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत, पण चांगल्या माणसांनी बांधलं एवढं नक्की..." कारकून गालात हसत होता. लाकूडतोडे झाले, घोरणारा झाला. अस्वल आज छतापर्यंत गेलं. मी थांबतच नव्हते. ती हात हलवायची, मी बोलायची, मध्ये डोकं नव्हतंच.

आणि तिथेच घोळ झाला. आत्याने तोंड जरा माझ्याकडे फिरवलं, नाक दाबलं, साहेबांच्या पायांकडे भुवई उडवली. ते माझ्यासाठी होतं! फक्त माझ्यासाठी! पण माझं तोंड चालूच —

"— आणि अस्वल आलं तसं पळालं, पण या बाबाच्या मोज्यांच्या वासाने तर ते दोन डोंगर ओलांडून जाईल."

कारकुनाचं हसू पुसलं गेलं.

मला वाटलं संपलं. घर गेलं. आत्याकडे बघितलं तर तिने पदर तोंडात कोंबलेला, खांदे गदगद हलतायत, डोळ्यांतून धारा. एक आवाज निघाला तर घसा गेला! तशीच भिंतीकडे तोंड करून बसली.

साहेबांनी स्वतःचे मोजे बघितले. वासही घेऊन बघितला, खरंच! मग कारकुनाला म्हणाले, "तू दोन तास माझ्याबरोबर चाललास, तुला सांगता आलं नाही?" उठले, मोजे बाहेर खुंटीवर टांगून आले. हसले नाहीत.

"ठीक," म्हणाले, "गोष्टी झाल्या. तक्रार चुलीची होती." गार पडलेली दुसरी चूल आहे माळ्याखाली, पाहुण्यांची. तिच्यात त्यांनी स्वतःच ढलप्या रचल्या, काडी ओढली.

मी आत्याचे हात शोधले. हात नव्हते! दोन्ही तोंडावर होते, पाठ आमच्याकडे. साहेब माझ्याकडे बघत होते. कारकून बघत होता. वाट बघत होते दोघे. तेच ते. काडी ढलपीजवळ गेली —

"थांबा!"

माळ्यावरची धूळ पडली असेल, एवढ्या जोराने ओरडले. "विझवा आधी ती! झडप बंद आहे, दिसत नाही? ही कडी — खाली ओढायची. हात आत घालून बघायचा, वारा वर जातो का. मग काडी. पाहुण्यांना मी — मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी. आत्याची चूक नाही. मी खोपटात लपले होते."

साहेबांनी काडी फुंकली. कडी ओढली. हात आत घालून बघितला. मग चूल पेटवली. सूप मागितलं. दोनदा घेतलं.

निघताना आत्याला म्हणाले, "बाई, हंगाम चालू ठेवा तुमचा. दुसरं कुणी नको. फक्त तुमच्या मनातलं सगळंच या पोरीपर्यंत पोचू देऊ नका."

ते वळणाआड गेल्यावर आत्याने मला उचललं! तिच्याहून उंच आहे मी!

१८ सप्टेंबर

आज दोघींनी काहीच केलं नाही. फार छान.

२४ सप्टेंबर

आत्या खाली डॉक्टरांकडे जाऊन आली. तपासून झालं, बोलायची परवानगी मिळाली. हळू, थोडंथोडं, ओरडायचं नाही.

मी दारात उभी, जीव कानात. किती दिवसांनी बोलणार, काय बोलेल! खेचरवालाही थांबला. ती खेचरावरून उतरली, पाणी प्यायली, घसा खाकरला. बारीक, घोगरा, कुणा दुसऱ्याचाच वाटावा असा आवाज —

"मिठू, सुपात मीठ फार घालतेस तू. केव्हापासून सांगायचं होतं."

२६ सप्टेंबर

रेंज येते त्या दगडावर बाबांचा फोन लागला. "ताईचं काम झालं ना आता? रविवारी ये परत." मी हो म्हटलं. मी नेहमी हो म्हणते.

आत्याला सांगितलं. ती भिंतीवर हात फिरवत राहिली. आज वारा नव्हता.

२८ सप्टेंबर

दादाने लग्न केलं!! रजिस्टर! कुणाला पत्ता नाही! आई फोनवर रडतेय, बाबांनी जेवण सोडलंय. आत्या खेचरावर बसून निघालीसुद्धा — "तुझ्या बापाला माझ्याशिवाय कोण ताळ्यावर आणणार?" घसा सांभाळ म्हटलं तर ऐकते कुठली. कधी येशील विचारलं तर म्हणाली, "तो जेवला की." बाबांचा राग माहीत आहे मला, महिना जाईल. माझं परत जाणं राहिलंच, तोवर घर माझ्यावर.

सोबतीला खेचरवाल्याची बायको आली आहे. तिला कमी ऐकू येतं.

खालच्या वळणावर पाहुणे दिसतायत. सहा आहेत. दारात जाऊन उभी राहते.