सुईनंतरची न्याहारी

कोपनहेगन,
१२ नोव्हेंबर १९२३

चि. सौ. सिग्ने हिस थ्यूराताईचे अनेक आशीर्वाद.

गुरुवारी लाउस्टराव आस्टाला घेऊन निघतील. लेक तुला ओळखू येणार नाही बघ! सप्टेंबरात आमच्या इस्पितळात आली तेव्हा अकरा वर्षांची पोर एकोणीस किलोची होती. आता अठ्ठावीस भरते आणि जिने धावत चढते. पंचवीस वर्षं परिचारिका आहे मी, पण मधुमेहाचं मूल असं धावताना पहिल्यांदाच पाहिलं. इन्सुलिन शोधणाऱ्या त्या कॅनडाच्या डॉक्टरांना उदंड आयुष्य लाभो. औषध निघतं डुकराच्या स्वादुपिंडातून, तेव्हा लाउस्टरावांनी आपल्या डुकरांशी यापुढे जरा अदबीनं बोलावं.

आता नीट ऐक. सकाळ-संध्याकाळ सुई, आणि सुईनंतर अर्ध्या तासात ठरलेलं खाणं, पूर्ण. थरथर, घाम, असंबद्ध बडबड दिसली तर ताबडतोब साखर. हो, साखरच, डोळे वटारू नकोस. दोन वर्षं तू तिला उपाशी ठेवून जगवलंस, दुसरा उपायच नव्हता. आता खाऊ घालून जगवायचंय.

सर्वांस माझी आठवण सांग.

तुझी,
थ्यूरा

लेमविग,
१९ नोव्हेंबर

ती. थ्यूराताईस सा. न. वि. वि.

आस्टा सुखरूप पोचली. हे रोज डुकरांना टोपी काढून नमस्कार करतात आणि पोर खदखदून हसते. ते हसणं मी विसरले होते गं. सुई मीच उकळते, मीच टोचते. त्याचं भय वाटत नाही.

भय वाटतं ते पाव वाढताना. काल तिनं आणखी एक बटाटा मागितला आणि मी भांड्यावर झाकण ठेवलं. गेल्या वर्षी ह्याच टेबलावर तिनं चोरून साखरेचा खडा उचलला, तेव्हा मी तिला मारलं होतं आणि मग अंगणात जाऊन रडले होते. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? न्याहारीचा पाव मी निम्माच देते. औषधाला तेवढंच काम कमी, नाही का?

लोभ आहे तो राहू दे, रागासकट.

तुझी,
सिग्ने

कोपनहेगन,
२२ नोव्हेंबर

चि. सिग्ने, आशीर्वाद मागाहून.

पाव पूर्ण दे! इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतच राहतं. पोटात पुरेसं नसेल तर पोर हातची जाईल. तुझ्याइतकी चिवट आई मी आमच्या वॉर्डात पाहिली नाही, म्हणूनच धास्ती वाटते. उलट टपाली लिही.

थ्यूरा

लेमविग,
२५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी हे सांगते, की आस्टा बरी आहे. तुझं पत्र काल दुपारी आलं. घडायचं ते सकाळीच घडलं होतं.

सुईनंतर तासाभरात ती घामानं डबडबली, हातातला पेला सुटला, मला ओळखेना. तुझं सांगणं आठवलं. साखर पाण्यात कालवून चमचा तिच्या तोंडाशी नेला, तर तिनं दात घट्ट आवळले. एकच सारखं म्हणत होती, की नको, आईला कळलं तर आई मारेल. मीच आई आहे, मीच देतेय, असं दहादा सांगितलं, पटेना. शेवटी ह्यांनी डोकं धरलं आणि मी बोटानं साखर हिरड्यांना चोळली. ताई, दहा मिनिटांत पोर परत आली. काय विलक्षण औषध शोधलंय गं माणसांनी, आणि काय वेडी बाई त्यांना भेटली!

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल? ओठांना लागलेली साखर घाईघाईनं बाहीनं पुसली, मला दिसू नये म्हणून. मी तो हात धरला, चमचा भरला आणि म्हटलं, खा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सिग्ने