शनिवार माझे, रविवार विहीणबाईंचे

१ नोव्हेंबर, शनिवार
वाढदिवस. सुनेनं, श्रुतिकानं, ही वही दिली. "आई, रोज तीन गोष्टी लिहायच्या, ज्यांच्याबद्दल मनापासून आभार वाटतात. चिडचिड कमी होते." मी चिडचिड करते का, असं विचारलं. शांतपणे विचारलं. तोवर ती स्वयंपाकघरात निघून गेली होती.
आभार: १. नातू केयूर, साडेपाच वर्षं. २. नात इरावती, अडीच वर्षं. ३. सुचत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
सुचलं. ३. सूड उगवायला अजून साडेपाच आठवडे आहेत.
१२ डिसेंबरला केयूरच्या शाळेत आजी-आजोबा दिवस. एका मुलामागे एकच पाहुणा. आमंत्रणाचं कार्ड मूल स्वतः रंगवून हवं त्याला देतं. गेल्या वर्षी ते श्रुतिकाच्या आईला, बोरिवलीच्या नलिनीबाईंना मिळालं. पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तो फोटो अजून त्यांच्या डीपीवर आहे. अकरा महिने! दिवाळीतसुद्धा बदलला नाही. सकाळी फॅमिली ग्रुप उघडावा तर या आपल्या हसतायत.
मुलं शनिवारी आमच्याकडे पार्ल्याला, रविवारी त्यांच्याकडे. म्हणजे हाती पाच शनिवार. पाच सहली. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं सुपरवायझर होते, चाळीस मुली हाताखाली. दोन पोरं म्हणजे काय! तक्ता करून फ्रिजवर लावला. नंदकुमारांनी तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "क्षमा, यात शू करायला वेळ कुठाय?" लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, माणूस नकारात्मक तो नकारात्मकच.

८ नोव्हेंबर, शनिवार
सहल पहिली: विमानं बघणे. ७.१० निघणे. ७.३५ ते ८.१५ विमानं, किमान सहा. ८.२० उकडलेलं अंडं.
वाटेत रस्ता खणत होते. जेसीबीपुढे केयूर थांबला तो थांबलाच. तक्त्यात नसताना तीन मिनिटं दिली. मग ओढत नेला. डोक्यावरून अख्खं विमान गेलं तर म्हणतो, "आजी, याला पंजा कुठाय?"
रडका चेहरा कापून ग्रुपवर फोटो टाकला. विमान आणि केयूरचे बूट छान आलेत. नलिनीबाईंचं लगेच उत्तर: "किती उत्साह हो क्षमाताई तुम्हाला! मला नाही बाई जमत." टोमणा. तो 'हो' बघा कसा टाकलाय.
आभार: विमानं बोरिवलीवरून इतकी खालून जात नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सहल दुसरी: मेट्रो, अंधेरी ते घाटकोपर आणि परत. केयूरला वही-पेन्सिल दिली, स्टेशनांची नावं क्रमानं लिहायला. तीन लिहिली. मग म्हणाला, "आपण कुठे चाललोय?" घाटकोपरला. "तिथे काय आहे?" परत यायची मेट्रो. त्यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. विचार करत असावा. सहलीचा हेतूच तो.
इरावतीचा एक बूट डब्यातच राहिला.
आभार: दुसरा बूट आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
नलिनीबाईंचा फोटो. दोन्ही मुलं त्यांच्या बाल्कनीत पेपर पसरून मटार सोलतायत. याला सहल म्हणतात? संध्याकाळी केयूरचा फोन. "आजी, नलूआजीकडे मटार सोलले!" लंडनला जाऊन आल्यासारखा आवाज.
ठीक आहे. मटार तर मटार.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सहल तिसरी रद्द. चार किलो मटार आणले. नियम स्पष्ट: घड्याळ लावून सोलायचे, खाल्लेला दाणा बाद. सातव्या मिनिटाला इरावतीनं एक दाणा नाकात घातला. तिचा आवाज येईना, माझा जास्त येत होता म्हणे. नंदकुमारांनी रिक्षा आणली. डॉक्टरांनी डोक्यावर दिवा लावून चिमट्यानं दाणा काढला. केयूर टाळ्या वाजवत होता. "आजी, ही सहल बेस्ट! पुढच्या शनिवारी माझ्या नाकात घालू?"
ग्रुपवर काही टाकलं नाही. तरी नलिनीबाईंचा फोन. "घाबरू नका हो, श्रुतिकानं लहानपणी चिंचोका घातला होता." म्हणजे इथेही त्या माझ्या आधी!
आभार: लिहायची इच्छा नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
आभार: १. नलिनीबाईंचा गुडघा सुजला. २. डॉक्टरांनी महिनाभर जिना चढू नका म्हणून सांगितलंय. ३. शाळेचा हॉल तिसऱ्या मजल्यावर आहे.
श्रुतिका बरोबर म्हणत होती. या वहीनं खरंच बरं वाटतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सहल चौथी: बोरिवलीचं नॅशनल पार्क, थेट शत्रूच्या हद्दीत. बी.एस्सी.ला बॉटनी होतं, ते कामी आलं. केयूरला अकरा झाडांची शास्त्रीय नावं सांगितली. तो नंदकुमारांबरोबर बाकावर वेफर्स खात होता, पण कान माझ्याकडेच असणार. परतताना मोठेपणा म्हणून विहीणबाईंच्या गुडघ्याची चौकशी करून आले. त्यांनी जाताना मटाराच्या करंज्यांचा डबा दिला. डबा परत करायला पुन्हा जायला लागणार. बाई हुशार आहे.

६ डिसेंबर, शनिवार
जिंकले!
पाचवी सहल सुरू व्हायच्या आत केयूरनं दप्तरातून कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. मीच का, विचारलं. "तूच पायजे," म्हणाला. कार्डावर जेसीबी आणि शेजारी मी. हातात माझ्याएवढं घड्याळ. निरीक्षण उत्तम.
नारायणपेठ इस्त्रीला दिली. नंदकुमारांना बजावलं, १२ तारखेला शाळेच्या फोटोग्राफरनं माझा फोटो सरळ काढावा, असं श्रुतिकाला कळवायला सांगा. डीपी बदलायचा आहे.
आभार: सगळ्यांचे. नलिनीबाईंचेसुद्धा, आज.

१२ डिसेंबर, शुक्रवार, दुपारी
शाळेनं लिफ्ट बसवली आहे. नलिनीबाई सुजलेल्या गुडघ्यानंही येऊ शकल्या असत्या. म्हणजे निवड खरीच माझी होती, या आनंदात पहिल्या रांगेत बसले.
दोन तास भाषणं. मग वर्गाच्या बाईंनी एकेका मुलाला माइक दिला, आजी-आजोबांना का आणलंत ते सांगा म्हणून. कुणी म्हणे आजी लाडू देते, कुणी म्हणे आजोबा गोष्ट सांगतात. केयूर आला. माझ्याकडे बघून छान हसला.
"माझी आजी मला दर शनिवारी बोअर ठिकाणी नेते. इथे खूप बोअर होतं. म्हणून मी तिला आणलं."
हॉल हसला. बाई हसल्या. शेजारचे एक आजोबा रुमालात तोंड खुपसून हसले.
घरी सांगितलं तर नंदकुमार म्हणाले, "गुणानं अगदी आजीवर गेलाय." आणि आनंदानं चहा टाकायला गेले.
फोटोत मी सरळ आलेय. तोंड उघडं आहे.
ग्रुपवर नलिनीबाई: "भाग्यवान हो क्षमाताई!" यात टोमणा चार वेळा शोधला. सापडला नाही.
आभार: १. डबा परत द्यायचाय, त्यामुळे रविवारी बोरिवलीला जायला कारण आहे. मटार सोलत असतील तर बसेन.